घरगुती निवास व्यवस्था (कोकण)

कोकणातील घरगुती निवास व्यवस्था म्हणजे महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्यावरील गावांत स्थानिक कुटुंबांनी आपल्या राहत्या घरातील अथवा घराच्या आवारातील खोल्या पर्यटकांना भाड्याने देण्याची आणि त्यांना घरचे जेवण पुरवण्याची पद्धत होय. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत ती प्रामुख्याने आढळते. अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले, मुरूड, कर्दे, गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ले ही या व्यवस्थेची परिचित ठिकाणे आहेत.

यजमान कुटुंब त्याच आवारात राहते आणि पाहुण्यांची सर्व व्यवस्था स्वतः पाहते, हा या पद्धतीचा मुख्य विशेष आहे. या एका गोष्टीमुळे ती हॉटेल, विश्रामगृह आणि संपूर्ण भाड्याने मिळणारा बंगला यांहून वेगळी ठरते. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, सातारा, सांगली, कोल्हापूर आदी शहरांतून दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब येणारे पर्यटक हा तिचा मुख्य आधार आहे.

नाव व संज्ञा

कोकणातील रस्त्यांवर 'घरगुती निवास व भोजन व्यवस्था', 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय', 'घरगुती जेवण मिळेल' अशा मजकुराच्या पाट्या दिसतात. बोलण्यात 'घरगुती राहण्याची सोय' किंवा नुसते 'घरगुती' असे म्हटले जाते. अलीकडे 'होमस्टे' हा शब्दही रूढ झाला आहे. सरकारी योजनांत 'न्याहारी व निवास' अशी संज्ञा वापरली जाते. व्यवहारात मात्र न्याहारीबरोबर दोन्ही वेळचे जेवणही यजमानांकडेच घेण्याची प्रथा आहे, कारण अनेक गावांत जेवणाची दुसरी सोय दूरवर असते.

शेतावरील निवासाला प्राधान्य देणारे कृषी पर्यटन ही याच्याशी जवळचे नाते असलेली, परंतु वेगळी संकल्पना आहे. कृषी पर्यटनात शेतीची कामे पाहणे व त्यांत सहभागी होणे अपेक्षित असते. घरगुती निवासात तसे बंधन नसते.

पार्श्वभूमी

पैसे किंवा दक्षिणा देऊन दुसऱ्याच्या घरी उतरण्याची रीत महाराष्ट्रात नवी नाही. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नृसिंहवाडी अशा क्षेत्री यात्रेकरू परंपरेने क्षेत्रोपाध्यायांच्या किंवा पुजाऱ्यांच्या घरी उतरत. मुक्काम, स्वयंपाक आणि धार्मिक विधी यांची व्यवस्था तेथेच होई. याखेरीज धर्मशाळा, भक्तनिवास, तसेच लोणावळा, देवळाली, माथेरान यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी निरनिराळ्या समाजांनी उभारलेली आरोग्यभुवने ही सहकुटुंब मुक्कामाची जुनी साधने होत.

कोकणात येणारा पाहुणा मात्र दीर्घकाळ बहुधा नातेवाईकच असे. मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुलाबाळांसह गावी येत. केवळ सहलीसाठी कोकणात उतरणाऱ्या अनोळखी कुटुंबांची संख्या वाढली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली आणि गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर आदी ठिकाणी महामंडळाची निवासस्थाने उभी राहिली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आला. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर या संपूर्ण मार्गावर कोकण रेल्वे सुरू झाली आणि घाट उतरण्याचा किंवा बोटीने येण्याचा जुना प्रवास सुकर झाला.

काही गावांत विशिष्ट घटनेने या व्यवस्थेला चालना मिळाली. दिवेआगर येथे नोव्हेंबर १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खोदकाम करताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. सुवर्णगणेशाच्या दर्शनासाठी भाविकांची वर्दळ सुरू झाली आणि गावातील कुटुंबांनी त्यांच्या जेवणाची, पुढे राहण्याचीही सोय करण्यास आरंभ केला. मार्च २०१२ मध्ये हा मुखवटा चोरीस गेला. तोपर्यंत दिवेआगर हे सहलीचे ठिकाण म्हणून स्थिरावले होते.

घराची रचना

किनाऱ्यालगतच्या गावांत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी नारळ-सुपारीच्या वाड्या असतात आणि प्रत्येक वाडीत एक घर असते. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे अंगण, मग ओटी किंवा पडवी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर व न्हाणीघर, आणि परसात विहीर अशी जुन्या घराची सर्वसाधारण ठेवण आहे. सुरुवातीच्या काळात पाहुण्यांना याच घराची माडी किंवा पडवीलगतची खोली दिली जाई आणि न्हाणीघर सामाईक असे.

पुढे पाहुण्यांसाठी वाडीतच स्वतंत्र खोल्या बांधण्याची पद्धत पडली. या खोल्यांना जोडून स्नानगृह व शौचालय असते. एका खोलीत साधारणतः दोन ते चार जणांची सोय होते आणि अधिक माणसांसाठी गाद्या घातल्या जातात. त्यामुळे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकाच खोलीत किंवा लागून असलेल्या दोन खोल्यांत राहता येते. अंगणातील झोपाळा, झाडांना बांधलेली झुल, जेवणासाठी घातलेला मांडव आणि समुद्राकडे जाणारी पाणंद या बहुतेक घरांत आढळणाऱ्या गोष्टी आहेत. वातानुकूलित खोल्या आता सर्वत्र मिळू लागल्या आहेत. वीजपुरवठा खंडित होण्याचे प्रमाण पावसाळ्यात व वादळी हवेत वाढत असल्याने इन्व्हर्टर असणे हा मोठा सोयीचा भाग मानला जातो.

भोजन

पाहुणे एखाद्या घराची निवड करताना खोलीइतकाच जेवणाचाही विचार करतात. जेवण गावागणिक आणि यजमानांच्या घराण्यागणिक बदलते. दिवेआगर, मुरूड, आंजर्ले, गुहागर येथील अनेक घरांत शाकाहारी स्वयंपाक होतो. तांदळाची भाकरी किंवा पोळी, वालाचे बिरडे, फणसाची अथवा केळफुलाची भाजी, कुळथाचे पिठले, आमटी-भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक हे तेथील ताटाचे घटक होत. मालवण-वेंगुर्ले परिसरात माशाचे तिखले, तळलेला सुरमई किंवा बांगडा, तिसऱ्यांची एकशिपी, कोंबडी-वडे असे पदार्थ प्रमुख असतात. न्याहारीला घावने, आंबोळी, पोहे, थालीपीठ किंवा मऊभात मिळतो.

हा स्वयंपाक घरच्या स्वयंपाकघरात, मोजक्या माणसांसाठी आणि मागणीनुसार होतो. म्हणून जेवणाऱ्यांची संख्या व पदार्थ आधी कळवणे हा या व्यवस्थेतील अलिखित नियम आहे. दुपारचे जेवण सकाळी आणि रात्रीचे जेवण दुपारपर्यंत सांगावे लागते. मोदकांची संख्याही आगाऊ ठरते. उपवास, कांदा-लसूण वर्ज्य असणे, लहान मुलांसाठी कमी तिखट जेवण, मधुमेही व्यक्तीचे पथ्य या गोष्टी आधी सांगितल्यास बहुतेक घरी सांभाळल्या जातात. ऐन वेळी जेवण रद्द केल्यास शिजवलेले अन्न व आणलेली मासळी वाया जाते. यजमान आणि पाहुणे यांच्यातील कुरबुरींचे हे एक नेहमीचे कारण आहे.

हंगाम

कोकणातील पर्यटनाचे वेळापत्रक शाळांच्या सुट्ट्यांशी बांधलेले आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंतची उन्हाळी सुट्टी हे गर्दीचे काळ होत. मे महिन्यात उकाडा तीव्र असला, तरी हापूस आंबा, फणस, करवंदे व जांभळे यांचा तोच हंगाम असल्याने कुटुंबे या दिवसांत आवर्जून येतात. हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद मानला जातो.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने ताजी मासळी कमी मिळते, आणि जलक्रीडाही बंद असतात. अनेक घरे या काळात खोल्यांची डागडुजी करतात. गणेशोत्सवातील स्थिती वेगळी आहे. त्या दिवसांत यजमानांच्या स्वतःच्या घरी गणपती बसतो आणि मुंबईचे भाऊबंद गावी येतात. त्यामुळे पाहुण्यांसाठीच्या खोल्या आप्तांनाच लागतात आणि बरेच यजमान पर्यटकांचे आरक्षण घेत नाहीत. रेल्वेगाड्या व एसटी बसही चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. शिमग्याच्या दिवसांत, विशेषतः पालखी घरी येण्याच्या दिवशी, हाच अनुभव येतो.

सहलीचे नियोजन

प्रवासमार्ग

रेल्वेने येणाऱ्यांसाठी दिवेआगर-श्रीवर्धनकरिता माणगाव, दापोली परिसराकरिता खेड, गुहागरकरिता चिपळूण, गणपतीपुळ्याकरिता रत्नागिरी आणि मालवणकरिता कुडाळ किंवा कणकवली ही स्थानके सोयीची आहेत. तेथून गावापर्यंतचे अंतर बहुधा एसटी, रिक्षा किंवा भाड्याच्या मोटारीने पार करावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. सुट्टीतील जागा थोड्या वेळात संपत असल्याने कुटुंबे प्रथम रेल्वेचे आरक्षण करून मग खोलीची तारीख पक्की करतात, किंवा यजमानांकडे तारीख तात्पुरती राखून ठेवतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि वेगळे वेळापत्रक लागू असते.

रस्त्याने येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे पूर्वीचा क्रमांक १७, तसेच ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली आदी घाट उपलब्ध आहेत. किनाऱ्याने जाताना खाड्यांमुळे वाट लांबते. ती वाचवण्यासाठी वाहनासह नेणाऱ्या फेरीबोटी उपयोगी पडतात. आगरदांडा-दिघी ही फेरी मुरूड व दिवेआगर यांना, वेसवी-बागमांडला ही मंडणगड तालुका व हरिहरेश्वर यांना, दाभोळ-धोपावे ही दापोली व गुहागर यांना, आणि जयगड-तवसाळ ही गणपतीपुळे व गुहागर यांना जोडते. सुट्टीच्या दिवसांत फेरीबोटीसाठी वाहनांची रांग लागते आणि रात्री फेऱ्या थांबतात. त्यामुळे मुक्कामी पोहोचण्याची वेळ ठरवताना त्यांचा विचार करावा लागतो.

गावांची समान नावे हाही गोंधळाचा विषय आहे. जंजिरा किल्ल्याजवळचे मुरूड रायगड जिल्ह्यात आहे, तर हर्णैजवळचे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात आहे. कासवांसाठी प्रसिद्ध असलेले वेळास मंडणगड तालुक्यात असून त्याच नावाचे दुसरे गाव श्रीवर्धन तालुक्यात आहे. खोली एका गावात आणि गाडी दुसऱ्या गावात असा प्रकार टाळण्यासाठी तालुका व जिल्हा विचारून घेतला जातो.

आरक्षण

घरगुती निवासाचे आरक्षण पूर्वी बहुतांशी दूरध्वनीवर आणि ओळखीपाळखीने होत असे. एकदा राहून गेलेले कुटुंब दुसऱ्याला क्रमांक देई आणि यजमान वहीत नाव लिहून ठेवत. आजही ही रीत टिकून आहे. तिच्या जोडीला समाजमाध्यमे व ऑनलाइन आरक्षण मंच आले आहेत. काही आगाऊ रक्कम भरल्यावर खोली राखली जाते. गर्दीच्या दिवसांतील रद्द आरक्षणाची रक्कम बहुधा परत मिळत नाही. काही यजमान ती पुढच्या तारखेसाठी वळती करून देतात. याबाबत लेखी निरोप असल्यास वाद टळतो.

आरक्षणापूर्वी ठरवल्या जाणाऱ्या बाबी साधारणतः अशा असतात: भाडे खोलीवर आहे की माणशी, त्यात न्याहारी व जेवण धरले आहे का, मुलांचे निम्मे भाडे कोणत्या वयापर्यंत आहे, ज्येष्ठांसाठी तळमजल्याची खोली व खुर्चीसारख्या बैठकीचे शौचालय आहे का, वाहन उभे करण्यास जागा आहे का, आणि खोली कोणत्या वेळेस मिळते व सोडावी लागते. भाड्याची मोटार घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत चालकाच्या झोपण्याची व जेवणाची सोय हा प्रश्न पुष्कळदा शेवटपर्यंत विसरला जातो. रात्रभर वाहनात अवघडून झोपलेला चालक दुसऱ्या दिवशी घाटात गाडी चालवतो. त्यामुळे हा केवळ सौजन्याचा भाग राहत नाही, तो प्रवाशांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

खोट्या संकेतस्थळांवरून किंवा दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे वापरून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार सुट्टीच्या तोंडावर घडतात. त्यापासून बचाव म्हणून यजमानांशी प्रत्यक्ष बोलणे, त्याच गावातील दुसऱ्या व्यक्तीकडून किंवा पूर्वी राहून आलेल्यांकडून खात्री करणे आणि संपूर्ण रक्कम आधी न देणे हे उपाय अवलंबिले जातात. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर, तर सेवेतील त्रुटीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.

नोंदणी, नियम व कर

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या न्याहारी व निवास योजनेत किमान १ व कमाल ६ खोल्यांच्या घराला मान्यता मिळते. घरमालक आपल्या कुटुंबासह त्याच वास्तूत राहत असणे ही तिची अट असून सुविधांनुसार 'सुवर्ण' व 'रौप्य' अशा दोन श्रेणी दिल्या जातात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही न्याहारी व निवास योजनेखाली खासगी घरांची नोंदणी केली आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण, तर २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण जाहीर केले. 'आई' धोरणात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे.

समुद्रालगतच्या बांधकामांवर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. त्याची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, व पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढण्यात आली. ग्रामीण किनारपट्टीवरील स्थानिकांना त्यांच्या विद्यमान घराचे जोते, आराखडा व दर्शनी भाग न बदलता घरगुती निवास चालवता येतो, अशी मुभा या नियमांत आहे. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीनेही घरगुती निवास हा नव्या बांधकामाचा प्रकार नसून असलेल्या घराचा उपयोग आहे.

जेवण पुरवणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी करावी लागते. पाहुण्यांच्या ओळखपत्राची नोंद ठेवणे अपेक्षित असते, आणि परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणी यंत्रणेला कळवावी लागते. दिवसाला १,००० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांना वस्तू व सेवा करातून असलेली सूट १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के दराने कर आकारला जातो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून कमी असलेल्या यजमानास सामान्यतः या कराची नोंदणी आवश्यक नसते. मात्र त्याने ऑनलाइन मंचामार्फत खोली दिल्यास कर भरण्याची जबाबदारी त्या मंचावर येते.

यजमान कुटुंब व अर्थकारण

नारळ, सुपारी, आंबा आणि भातशेती यांचे उत्पन्न हंगामी व हवामानावर अवलंबून असते. पाहुण्यांमुळे त्याला रोख रकमेची जोड मिळते. त्याच वाडीतील नारळ, कोकम, आंबे व केळी पाहुण्यांच्या ताटात जातात, आणि आमसुले, फणसपोळी, कुळीथ पीठ, मेतकूट, सुपारी यांची विक्री घरबसल्या होते. गावातील मासळी विकणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक, नारळ काढणारे पाडेली व दुकानदार यांनाही त्यातून काम मिळते.

या व्यवस्थेचा खरा भार घरातील स्त्रियांवर असतो. पहाटे पाणी तापवणे, न्याहारी, दुपारचा स्वयंपाक, चादरी धुणे, खोल्या झाडणे आणि रात्री उशिरा आलेल्यांना गरम जेवण वाढणे ही कामे हंगामात सलग अनेक आठवडे चालतात. पाहुणे यजमानांना बहुधा 'काका', 'काकू' किंवा 'वहिनी' असे संबोधतात आणि दोन्ही बाजूंना हे नाते आवडतेही. मात्र त्यामुळे विश्रांतीची वेळ कोणती, स्वयंपाकघर किती वाजता बंद होते, हे स्पष्ट सांगणे यजमानांना अवघड जाते. मुले शिक्षण-नोकरीसाठी शहरात गेल्याने अनेक घरांत आता वयस्क दांपत्यच राहिले आहे. ते थकल्यावर खोल्या बंद ठेवाव्या लागतात किंवा चालवावयास दुसऱ्याकडे द्याव्या लागतात.

२०२० मध्ये मार्चअखेर लागू झालेल्या टाळेबंदीमुळे संपूर्ण उन्हाळी हंगाम बुडाला. त्यापाठोपाठ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर धडकले. रायगडचा दक्षिण भाग व दापोली-मंडणगड तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्या आणि घरांची छपरे उडाली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्याला फटका दिला. खोल्या काही महिन्यांत पुन्हा उभ्या राहू शकतात, परंतु नव्याने लावलेली माडाची किंवा पोफळीची बाग उत्पन्नावर येण्यास काही वर्षे लागतात. या काळात पाहुण्यांचे उत्पन्न हाच अनेक कुटुंबांचा आधार ठरला.

वेळासचे उदाहरण

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे घरगुती निवास आणि निसर्गसंवर्धन यांच्या सांगडीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी ही अंडी माणसे व कोल्ही-कुत्री यांच्या तोंडी पडत. पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यासाठी लोक येऊ लागल्यावर कासव महोत्सव भरू लागला. गावात हॉटेल नसल्याने पाहुण्यांची सोय ग्रामस्थांच्या घरीच होऊ लागली. साधी खोली, सामाईक न्हाणीघर, घरचे जेवण आणि पहाटे व सायंकाळी किनाऱ्यावर ठरावीक वेळी जाणे असा तेथील क्रम असतो. पिल्ले रोज बाहेर येतीलच असे नसते आणि पाहुण्यांना ते आधीच सांगितले जाते. कासव वाचले तर पाहुणा येतो, हे गणित गावाला उमगल्याने संवर्धनाला ग्रामस्थांचा पाठिंबा मिळाला.

समस्या

पाणी व कचरा

कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही जांभ्या खडकात पाणी टिकत नसल्याने एप्रिल-मे महिन्यांत अनेक विहिरी तळ गाठतात, आणि नेमका हाच पर्यटकांच्या गर्दीचा काळ असतो. एकाच वाडीत खोल्या वाढत गेल्या की विहिरीचा उपसा वाढतो. किनाऱ्यालगत अतिउपसा झाल्यास विहिरीत खारे पाणी शिरण्याचा धोका असतो आणि तसे झाल्यास बागेचेही नुकसान होते. प्लास्टिकच्या बाटल्या व वेष्टनांचा कचरा ही लहान ग्रामपंचायतींपुढील दुसरी अडचण आहे.

समुद्रातील सुरक्षितता

कोकणातील बहुतेक किनाऱ्यांवर दिवसभर जीवरक्षक उपलब्ध नसतात. ओहोटीच्या वेळी पाणी वेगाने आत ओढले जाते, आणि खाडीच्या मुखाशी तसेच वाळूत पडलेल्या खड्ड्यांपाशी तळ अचानक खोल होतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी डझनाहून अधिक जण बुडून मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांतील मृत हे बहुधा बाहेरगावचे असतात, कारण स्थानिक लोक ती जागा व ती वेळ टाळतात.

घरगुती निवासाचे महत्त्व येथे विशेष जाणवते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची अदमासे वेळ काढण्याची रीत कोकणात प्रचलित आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी चालते. कोठे उतरावे, कोठे उतरू नये, परत केव्हा फिरावे हे यजमान पाहुण्यांना सांगतात, आणि मुले वेळेत परतली नाहीत तर शोध घेणारे माणूस घरात असते.

बदलते स्वरूप

अलिबाग, नागाव, काशीद आदी मुंबईपासून जवळच्या ठिकाणी संपूर्ण बंगला भाड्याने देण्याचा व्यवसाय वेगाने वाढला आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहनांसह जाणारी जलसेवा मार्च २०२० मध्ये आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्याने हा परिसर मुंबईला आणखी जवळ आला. या बंगल्यांचे मालक बहुतेकदा शहरात राहतात आणि देखभालीसाठी माणूस नेमलेला असतो. तीन-चार कुटुंबांना एकत्र राहण्यासाठी, स्वतःचे स्वयंपाकघर व मोकळीक मिळण्यासाठी ही सोय उपयुक्त आहे आणि माणशी खर्चही काही वेळा कमी पडतो. मात्र रात्री मोठ्याने वाजणारे संगीत, पोहण्याच्या तलावांसाठी लागणारे पाणी आणि जमिनींच्या वाढत्या किमती यांबद्दल गावांतून नाराजी व्यक्त होते. भाड्याच्या रकमेतील मोठा वाटा गावाबाहेर जातो, हाही एक आक्षेप आहे.

दुसरीकडे, मूळच्या घरगुती निवासांतही बदल होत आहे. खोल्यांची संख्या वाढून काही घरांची लहान हॉटेले झाली आहेत, आणि पाटीवर 'घरगुती' हा शब्द असूनही यजमान कुटुंब तेथे राहत नाही, असे दिसते. ऑनलाइन मंचांवर राहते घर, रिकामा बंगला आणि लहान हॉटेल हे तिन्ही प्रकार एकाच यादीत येत असल्याने पर्यटकांना भेद कळत नाही. सरकारी योजनांतील मालकाने त्याच वास्तूत राहण्याची अट म्हणूनच महत्त्वाची ठरते. पाण्याचा जपून वापर, वाडीची निगा, ठरलेल्या वेळेचे जेवण आणि समुद्राबद्दलची सूचना या गोष्टी घरात राहणाऱ्या माणसांमुळे होतात. खोल्या भाड्याने देणे सोपे आहे. ते घर चालवणारी पुढची पिढी गावात राहणे, हा कोकणातील घरगुती निवास व्यवस्थेपुढील मुख्य प्रश्न आहे.